झेड/व्हीएमसाठी बॅकअप आणि सुरक्षेचं सॉफ्टवेअर कसं निवडायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले अनेक इंजिनिअर पुण्या-बेंगळुरूच्या मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या अवाढव्य संगणकांच्या, प्रोजेक्टवर काम करतात, काही जण तर घरूनच व्हीपीएन लावून. कोबोल आणि जेसीएल या मेनफ्रेमच्या भाषा बहुतेकांना येतात. पण त्याच यंत्रावर झेड/व्हीएम (एका यंत्रात अनेक व्हर्च्युअल मशिन चालवणारी प्रणाली) असेल आणि वरिष्ठांनी सांगितलं, "बॅकअप आणि सिक्युरिटी सॉफ्टवेअरची तुलना करून द्या," तर सुरुवात कुठून करायची हे कळत नाही. माहितीपत्रकं चाळली तर सगळीच सॉफ्टवेअरं सगळंच करतात असं वाटतं.

या दोन खरेद्या वेगवेगळ्या कमिट्यांकडे देऊ नका, हे आमचं ठाम मत आहे. बॅकअप घेणाऱ्या व्हर्च्युअल मशिनला प्रत्येक डिस्क वाचावीच लागते, म्हणजे अख्ख्या सिस्टीममध्ये वाचनाचा सर्वात मोठा अधिकार तिच्याकडे असतो. उलट बाजूने पाहिलं, तर यंत्र कोसळल्यावर सुरुवातीलाच परत आणावा लागतो तो सुरक्षेचा डेटाबेस, कारण तो नसेल तर वापरकर्ते लॉगऑनच करू शकत नाहीत. तुलनेची सुरुवात बॅकअपपासून नको, रिस्टोअरपासून करा: काय काय परत आणायचं, कोणत्या क्रमाने, किती वेळात, आणि तेव्हा हाताशी काय काय नसेल.

आधी यंत्र समजून घेऊ

झेड/व्हीएम हे आयबीएम मेनफ्रेमवरचं हायपरव्हायजर, म्हणजे खऱ्या यंत्राची व्हर्च्युअल मशिनमध्ये वाटणी करणारं सॉफ्टवेअर. 1960च्या दशकात आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये त्याचा पाया घातला गेला, 1972 मध्ये व्हीएम/370 जाहीर झालं, आणि आजच्या 7.3, 7.4 या आवृत्त्या त्याच घराण्यातल्या. आत सीपी नावाचा भाग प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांची वाटणी करतो. सीएमएस ही एका वापरकर्त्यापुरती छोटी ऑपरेटिंग सिस्टीम. देखभालीची बहुतेक कामं, अगदी बॅकअपचं सॉफ्टवेअरसुद्धा, सीएमएसमध्ये चालतं. बाकीच्या व्हर्च्युअल मशिनमध्ये लिनक्स, झेड/ओएस (मेनफ्रेमची नेहमीची ऑपरेटिंग सिस्टीम) वगैरे गेस्ट, म्हणजे पाहुण्या सिस्टीम, असतात.

कोणत्या मशिनला किती मेमरी, कोणते अधिकार आणि डिस्कचे कोणते सिलिंडर (डिस्कवरच्या जागेचे क्रमवार भाग), हे युजर डिरेक्टरीत लिहिलेलं असतं. आपल्याकडे एका सर्व्हे नंबरात भावाभावांचे हिस्से पडतात आणि प्रत्येकाची हद्द उताऱ्यावर येते, तसंच हे. खरी डिस्क एक, तिचे हिस्से अनेक, आणि प्रत्येक हिस्सा म्हणजे एक मिनिडिस्क. दोन हद्दी चुकून एकमेकींवर चढल्या की दोघांचाही डेटा जातो, आणि हा घोळ बॅकअपमध्येही जसाच्या तसा उतरतो. म्हणून कुठल्याही विक्रेत्याला बोलावण्याआधी डिरेक्टरीवर डिस्कमॅप ही युटिलिटी चालवा. कुठे हिस्से एकमेकांवर आले आहेत आणि कुठे जागा रिकामी आहे, हे ती दाखवते. पूर्ण डिस्क व्यापणाऱ्या फुलपॅक मिनिडिस्क त्यात चढलेल्या दिसणारच, त्या बाजूला काढा. उरलेल्या प्रत्येक ओळीचं उत्तर सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आकारमानाचा अंदाज घेऊ. 3390 मॉडेल 9 या डिस्कला 10,017 सिलिंडर असतात, दर सिलिंडरला 15 ट्रॅक, दर ट्रॅकला 56,664 बाइट. एकूण साधारण 8.5 जीबी. अशा 200 डिस्क असतील तर 1.7 टीबी. टेप ड्राइव्हने सलग सेकंदाला 150 एमबी घेतले, तरी एका ड्राइव्हवर सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. हा हिशेब तुमच्या आकड्यांनी करा आणि रिस्टोअरसाठी तो वेगळा करा. रिस्टोअरमध्ये टेप शोधणं, चढवणं, डिस्कवर लिहिणं आणि तपासणी हे सगळं वाढतं. बॅकअपला जेवढा वेळ लागला तेवढ्यातच सगळं परत येईल, असं धरून चालू नका.

कशाचा बॅकअप, आणि कोणत्या पद्धतीने

झेड/व्हीएमवर डेटाचे पाच-सहा प्रकार असतात आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी. निवडीत खरा फरक इथेच पडतो, म्हणून इथे थोडं थांबू.

पेजिंगच्या डिस्क आणि टी-डिस्क यांचा बॅकअप घ्यायचाच नाही. त्यांत तात्पुरता मजकूर असतो. डिस्कचं लेबल आणि अलोकेशन मॅप (कोणती जागा कशासाठी, याचा नकाशा) शून्याव्या सिलिंडरवर असतात, तेवढे नोंदवून ठेवले की नवी डिस्क सीपीएफएमटीएक्सए या युटिलिटीने फॉरमॅट करून कामाला लावता येते.

सिस्टीम रेसिडन्स डिस्क, म्हणजे जिच्यावरून झेड/व्हीएम सुरू होतं ती, डीडीआर या जुन्या, भरवशाच्या साधनाने पूर्ण उतरवायची. डीडीआर झेड/व्हीएमबरोबरच येतं आणि ऑपरेटिंग सिस्टीम नसतानाही, स्टँडअलोन, सुरू करता येतं. विकतच्या बॅकअप सॉफ्टवेअरला चालण्यासाठी आधी चालू झेड/व्हीएम लागतं. म्हणून कितीही महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी सिस्टीम रेसिडन्स, सिस्टीम कॉन्फिग फाइल असलेली पार्म डिस्क आणि बॅकअप सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डिस्क यांची डीडीआर प्रत वेगळ्या टेपवर असलीच पाहिजे. त्या टेपचा नंबर कागदावर लिहून ठेवा. टेपचा कॅटलॉग, म्हणजे कोणत्या टेपवर काय आहे याची यादी, त्याच सिस्टीमवर असतो आणि सिस्टीम पडलेली असताना तो वाचता येत नाही.

पावसाळ्यात वीज किंवा इंटरनेट गेलं की आपल्या भागातून लावलेलं 3270 सेशन, म्हणजे मेनफ्रेमचं टर्मिनल, तुटतं. तुमच्या युजरआयडीवर समोर डीडीआर चालू असेल आणि ते कन्सोलवर उत्तराची वाट पाहू लागलं, तर मूळ सेटिंगप्रमाणे 15 मिनिटांनी सीपी ती मशिन लॉगऑफ करतो. रिस्टोअर अर्ध्यात तुटलं म्हणजे डिस्क निम्मी नवी, निम्मी जुनी. अशी कामं डिस्कनेक्टेड, म्हणजे टर्मिनलशिवाय, चालणाऱ्या सर्व्हिस मशिनवर द्यावीत, लागणारी उत्तरं आधीच पुरवून.

सीएमएसच्या मिनिडिस्क फाइलच्या पातळीवर उतरवणं सोयीचं, कारण बऱ्याचशा मागण्या "माझी एकच फाइल उडाली" अशाच असतात. विकतच्या सॉफ्टवेअरचा मोठा फायदा हाच: वेळापत्रक, कॅटलॉग आणि एकेक फाइल परत मिळणं. पण इन्क्रिमेंटलचा, म्हणजे फक्त बदललेल्या फाइलींच्या बॅकअपचा, निकष काय, ते विचारा. फक्त फाइलची तारीख पाहून बदल ठरवणारी पद्धत असेल, तर कॉपीफाइल कमांड ओल्डडेट पर्यायाने चालवून आणलेली फाइल निसटू शकते. ती डिस्कवर नवी असते, पण तारीख जुनी. ट्रायलमध्ये हाच प्रयोग करा. दुसरी अडचण चालू लेखनाची. बॅकअप वाचत असताना मालक त्याच मिनिडिस्कवर लिहीत असेल, तर फाइलींची यादी एका क्षणाची आणि ब्लॉक दुसऱ्या क्षणाचे येतात. चांगलं सॉफ्टवेअर हे ओळखून अहवालात ती डिस्क वेगळी दाखवतं. "यशस्वी" म्हणून गप्प बसणारं सॉफ्टवेअर घेऊ नये.

शेअर्ड फाइल सिस्टीम, म्हणजे एसएफएस, हा वेगळाच प्रकार. एका फाइल पूलच्या, म्हणजे सामायिक फाइलींच्या साठ्याच्या, कंट्रोल डिस्क, दोन लॉग, कॅटलॉग आणि वापरकर्त्यांचे स्टोरेज ग्रुप वेगवेगळ्या मिनिडिस्कवर असतात. सर्व्हर चालू असताना त्यांची ट्रॅकशः प्रत घेतली तर ती परत लावून उपयोग नाही. कंट्रोल डेटा आणि प्रत्येक स्टोरेज ग्रुप फाइलपूलच्या स्वतःच्या बॅकअप कमांडनेच घ्यावा, किंवा त्याच मार्गाने जाणारं सॉफ्टवेअर निवडावं. दोन्ही लॉग एकाच खऱ्या डिस्कवर आहेत का, तेही जाताजाता बघा. असतील तर आज हलवा.

स्पूल बहुतेक जण विसरतात. त्यात प्रिंट आणि रीडरच्या फाइली तर असतातच, शिवाय सेव्ह केलेली सीएमएस सिस्टीम आणि शेअर्ड सेगमेंटही (अनेक मशिननी मिळून वापरायचे मेमरीचे भाग) तिथेच असतात. स्पूलचा मजकूर सगळ्या स्पूल डिस्कवर पसरलेला असल्याने एकाच डिस्कची प्रत निरुपयोगी. त्यासाठी एसपीएक्सटेप ही कमांड. ते उघड्या असलेल्या फाइली घेत नाही, त्यामुळे वेळ विचारपूर्वक निवडा. स्पूल गेलं आणि क्लीन स्टार्ट, म्हणजे जुनं स्पूल सोडून नवी सुरुवात, करावा लागला, तर नेहमीचं "आयपीएल सीएमएस" (आयपीएल म्हणजे सिस्टीम उठवणं) चालणार नाही. तेव्हा "आयपीएल 190" करून डिस्कवरून सीएमएस उठवायचं आणि सेव्ह्ड सिस्टीम पुन्हा बांधायची. ही ओळ प्रत्येक रनबुकमध्ये (कामाच्या पायऱ्या लिहिलेल्या वहीत) मोठ्या अक्षरात हवी.

आता लिनक्स. चालू लिनक्सच्या मिनिडिस्कची बाहेरून प्रत घेतली, तर मेमरीत अडकलेलं लेखन त्यात येत नाही. त्यात एलव्हीएमने (अनेक डिस्क एकत्र वापरण्याची लिनक्सची सोय) चार डिस्क जोडलेल्या असतील आणि चारींची प्रत वेगवेगळ्या क्षणी घेतली, तर फाइल सिस्टीम उघडण्याची खात्री उरत नाही. पर्याय तीनच: सिग्नल शटडाउन देऊन लिनक्स नीट बंद करा, स्टोरेजच्या फ्लॅशकॉपीने सगळ्या डिस्कची एकाच क्षणाची प्रत घ्या, किंवा लिनक्सच्या आत बॅकअप क्लायंट बसवा. डेटाबेस असेल तर तिसरा पर्याय टाळता येत नाही. आणि एफसीपीने, म्हणजे फायबर चॅनलवरून, थेट लिनक्सला जोडलेली एससीएसआय डिस्क सीपीला मिनिडिस्क म्हणून दिसतच नाही, त्यामुळे सीएमएसमधलं बॅकअप सॉफ्टवेअर तिला हात लावू शकत नाही. अहवाल हिरवा दिसतो आणि सगळ्यात मोठा डेटा बाहेरच राहतो. निविदा काढण्याआधी अशा सगळ्या डिस्कची यादी लिनक्सच्या टीमकडून मागवा. आम्हाला ही यादी बाकी सगळ्या तुलनेपेक्षा महत्त्वाची वाटते.

सुरक्षेची बाजू

एक्स्टर्नल सिक्युरिटी मॅनेजर, म्हणजे कोणाला काय करता येईल हे ठरवणारं वेगळं सॉफ्टवेअर, नसेल, तर झेड/व्हीएमच्या सुरक्षेचा सगळा भार डिरेक्टरीवर असतो, आणि डिरेक्टरीच्या मूळ फाइलमध्ये पासवर्ड साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत असतात. त्या फाइलचा बॅकअप टेपवर गेला की पासवर्डही टेपवर गेले. लिंकच्या, म्हणजे दुसऱ्याची मिनिडिस्क जोडून घेण्याच्या, वाचन-पासवर्डाच्या जागी "ऑल" लिहिलेलं असेल तर ती मिनिडिस्क कोणीही वाचू शकतो, त्याला काहीही विचारलं जात नाही. बँकेच्या यंत्रावर असं चालवणं आम्हाला मान्य नाही. इथे सिक्युरिटी मॅनेजर हवाच.

आयबीएमकडून रॅकफ हा सिक्युरिटी मॅनेजर आणि डिरेक्टरी सांभाळणारं डिरमेंट मिळतं. दोन्ही झेड/व्हीएमबरोबर येतात पण वेगळे पैसे भरून सुरू करायचे. बॅकअपसाठी आयबीएमचं बॅकअप अँड रिस्टोअर मॅनेजर आणि टेपसाठी टेप मॅनेजर. दुसऱ्या बाजूला पूर्वीच्या सीए कंपनीची, 2018 पासून ब्रॉडकॉमची, सॉफ्टवेअरं: व्हीएम:सिक्युअर, व्हीएम:बॅकअप, व्हीएम:टेप, तसंच एसीएफ2 आणि टॉप सिक्रेट हे सिक्युरिटी मॅनेजर. एकाच घराची जोडी घेतली तर अधिकारांची सांगड सोपी जाते. झेड/ओएसवर आधीच रॅकफ चालवणारी टीम असेल तर झेड/व्हीएमवरही रॅकफ घेणं शहाणपणाचं, कारण माणसं आणि ऑडिटची सवय तीच राहते.

रॅकफ बसवलं म्हणजे दार बंद झालं असं मात्र नाही. ज्या मिनिडिस्कसाठी प्रोफाइल, म्हणजे परवानगीचा नियम, लिहिलेलंच नाही तिचं काय करायचं, हे सिससेक या मॅक्रोत ठरतं: परवानगी द्यायची, नकार द्यायचा, की निर्णय सीपीवर सोडायचा. सीपीवर सोडला असेल, तर पुन्हा डिरेक्टरीतले जुने लिंक पासवर्ड आणि तेच "ऑल" लागू होतात. दुसरी फट फुलपॅक मिनिडिस्कची. अख्खी डिस्क लिंक करू शकणाऱ्याला तिच्यावरच्या प्रत्येक लहान मिनिडिस्कचा मजकूर मिळतो, तिथली प्रोफाइलं कितीही कडक असोत. बॅकअप मशिनला नेमकं हेच लागतं. रॅकफमध्ये तिला बहुधा ऑपरेशन्स हा अधिकार देतात. तो दिलात तर चार गोष्टी सोबत हव्यात: त्या युजरआयडीवर थेट पासवर्डने लॉगऑन बंद, नावानिशी ठरलेल्या दोन-तीन जणांनाच लॉगऑनबायने (स्वतःच्या पासवर्डने दुसऱ्या युजरआयडीत शिरण्याची सोय) प्रवेश, तिच्या प्रत्येक कृतीची नोंद, आणि रिस्टोअरच्या अधिकारावर वेगळं नियंत्रण. शेवटच्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं. दुसऱ्याची डिस्क स्वतःच्या डिस्कवर रिस्टोअर करता आली, तर ती वाचण्याची परवानगी मिळाल्यासारखंच आहे. विक्रेत्याला विचारा: फाइल परत मागणाऱ्याला मूळ फाइल वाचण्याचा हक्क होता का, हे तुमचं सॉफ्टवेअर सिक्युरिटी मॅनेजरला विचारतं की स्वतःच ठरवतं?

रॅकफचा मुख्य डेटाबेस 200 या पत्त्याच्या डिस्कवर आणि त्याची चालू प्रत 300 वर असते. डिस्क बिघडली तर 300 वाचवते. पण चुकून पुसलेलं प्रोफाइल दोन्हीकडून पुसलं जातं, म्हणून रोजची तिसरी प्रत हवी. ही प्रत आणि डिरेक्टरी एकाच वेळच्या असाव्यात. डिरेक्टरी आजची आणि डेटाबेस आठवड्यापूर्वीचा लावला, तर मधल्या काळातले नवे युजरआयडी डिरेक्टरीत दिसतात पण त्यांचं लॉगऑन अडू शकतं, आणि काढून टाकलेले अधिकार परत जिवंत होतात.

रॅकफच्या ऑडिट नोंदी 301 डिस्कवर लिहिल्या जातात, ती भरली की 302 वर. पुढे त्या संग्रहात हलवल्या नाहीत, तर दोन्ही भरून नोंदी थांबू शकतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यावर सहा तासांत कळवावी लागते. या नोंदींचा बॅकअप आणि साठवणूक निविदेच्या अटींतच लिहा.

नेटवर्कवरचं 3270 सेशन टीएलएसशिवाय, म्हणजे एन्क्रिप्शनशिवाय, असेल तर पासवर्ड उघडा जातो. झेड/व्हीएमच्या टीसीपी/आयपीबरोबर टीएलएस सर्व्हर येतो, त्यासाठी वेगळं काही विकत घ्यायचं नाही. फक्त प्रमाणपत्राची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर टाका.

टेप एन्क्रिप्ट करायची तर एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांचा सर्व्हर कुठे आहे, हे पहिल्या बैठकीत विचारा. तो त्याच मेनफ्रेमवरच्या लिनक्स गेस्टमध्ये असेल, तर यंत्र पडल्यावर टेप वाचायला किल्ली लागते आणि किल्ली त्याच टेपवर असते. मग काहीच परत येत नाही. किल्ल्यांचा सर्व्हर आणि त्याची प्रत या यंत्राबाहेरच हवी.

ट्रायल कशी घ्यायची

झेड/व्हीएमच्या आत दुसरं झेड/व्हीएम चालवता येतं, आणि तुलना करणाऱ्यासाठी ही मोठीच सोय आहे. दुसऱ्या यंत्राची वाट पाहत बसू नका. रिकाम्या डिस्क देऊन एक गेस्ट मशिन तयार करा, त्यात स्टँडअलोन डीडीआर उठवा, सिस्टीम रेसिडन्सची प्रत लावा, आयपीएल करा, बॅकअप सॉफ्टवेअर सुरू करा, मग डिरेक्टरी आणि सुरक्षेचा डेटाबेस, मग स्पूल, मग एसएफएस, शेवटी एक लिनक्स. मूळ सिस्टीमशी नेटवर्क जोडू नका, नाहीतर एकाच पत्त्याची दोन यंत्रं भांडतील. प्रत्येक टप्प्याला घड्याळ लावा. हे काम विक्रेत्याच्या तज्ज्ञाने नाही, तुमच्या रात्रपाळीच्या माणसाने लिहिलेल्या रनबुकवरून करायला हवं. तो जिथे अडेल तिथे रनबुक कच्चं आहे किंवा सॉफ्टवेअर अवघड आहे. दोन्ही गोष्टी खरेदीपूर्वी कळलेल्या बऱ्या.

दहा-वीस डिस्क, दोन-चार लिनक्स आणि बदल कमी, अशी छोटी सिस्टीम असेल तर डीडीआर, एसपीएक्सटेप आणि फाइलपूल कमांड रेक्स भाषेतल्या स्क्रिप्टने बांधून चालवणं पुरतं. बॅकअप सॉफ्टवेअरवर पैसे घालण्याऐवजी ते रॅकफवर घाला. डिस्क शंभराच्या पुढे गेल्या किंवा फाइल परत मागणारे रोज येऊ लागले, की स्क्रिप्टमधून कॅटलॉग सांभाळणं हाताबाहेर जातं.

टेप दुसऱ्या शहरात ठेवायच्या असतील तर रस्त्याचाही हिशेब करा. पुण्याहून बेंगळुरूला जाणाऱ्या टेप आपल्या बेळगाववरूनच जातात. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021च्या पुरांत कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचं पाणी आलं आणि हा महामार्ग काही दिवस बंद राहिला. टेप दुसऱ्या टोकाला असतील आणि करारात "चोवीस तासांत पूर्ववत" लिहिलं असेल, तर त्या आठवड्यात ते पाळता येत नाही. निदान सिस्टीम रेसिडन्स, डिरेक्टरी, सुरक्षेचा डेटाबेस आणि बॅकअपचा कॅटलॉग एवढं तरी नेटवर्कवरून रोज दुसरीकडे गेलं पाहिजे. आकाराने हे लहान असतं, एका रात्रीत सहज जातं. दुसरी जागा भारतातच ठेवा. पेमेंटच्या डेटासाठी रिझर्व्ह बँकेचा 2018 पासून तसा नियमच आहे.

शेवटी लायसन्स. किंमत बहुधा प्रोसेसर इंजिनांच्या हिशेबाने लागते, तेव्हा आयएफएल, म्हणजे लिनक्ससाठीची इंजिनं, वाढवायचे असतील तर पुढच्या तीन वर्षांचे दर आजच लिहून घ्या. काही सॉफ्टवेअरच्या लायसन्स-की यंत्राच्या सीरियल नंबरला बांधलेल्या असतात आणि डीआरच्या, म्हणजे आपत्तीनंतर वापरायच्या, यंत्रावर ते सुरूच होत नाहीत. डीआर यंत्राची की आधीच घ्या, ट्रायलमध्ये ती टाकून बघा, आणि तिची छापील प्रत त्या पहिल्या डीडीआर टेपच्या नंबराबरोबर एकाच पाकिटात, दोन वेगवेगळ्या शहरांत ठेवा.